पाहुणे येण्याआधीचं माळरान

बारामती-इंदापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस आठवतो. कालव्याचं पाणी जिथं पोचलं तिथलं ते चित्र खरंही आहे. पण मोरगाव, सुपे हा आमचा जिरायती पट्टा. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. या पट्ट्यात आणि खाली इंदापूरकडं, शेतीला न लागलेली मुरमाड माळरानं अजून शिल्लक आहेत. सप्टेंबरात त्यांच्यावर कुसळी, मारवेल, पवना अशी गवतं उभी राहतात आणि दिवाळीनंतर ती सोन्याच्या रंगाची होतात. ती बघायला, त्यांत राहणारे लांडगे, चिंकारा, खोकड आणि थंडीत येणारे परदेशी पक्षी बघायला आता पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली आहेत. पुणे वनविभागानं अलीकडं कडबनवाडी आणि शिर्सुफळ परिसरात गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, आणि तिच्यात गावातल्या मुलांना मार्गदर्शकाचं काम मिळालं. खाली भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, कुंभारगाव आणि डिकसळचे मच्छीमार हेच काम याच्याही आधीपासून करत आहेत.

पाहुण्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मार्गदर्शकाचा हंगाम त्याच्या दोन महिने आधी सुरू व्हायला हवा. या आधीच्या दोन महिन्यांबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

मोरगावला वाट दाखवण्याचं काम नवं नाही. अष्टविनायक यात्रेची सुरुवात मयूरेश्वरापासून करायची आणि सांगताही इथंच करायची, ही रीत जुनी आहे. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, तेव्हा गावानं काय काय आधी उरकायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. पण देव जागेवर असतो. भाविकाला दर्शन नक्की मिळतं, मग रांग कितीही लांब असो. माळरानावर तशी हमी नाही. सुप्याच्या अभयारण्याला मयूरेश्वराचंच नाव आहे. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथलं चिंकारा सकाळी आठ वाजता कुठं असेल हे ते चिंकाराच ठरवतं. अशा जागी पाहुण्याला नेणाऱ्याची तयारी वेगळीच लागते.

ही तयारी जगात सर्वांत कसोशीनं केली जाते ती बर्फात. जपानच्या होक्काइदो बेटावर, आल्प्समध्ये किंवा आपल्या गुलमर्गला, ताज्या, कोरड्या, भुसभुशीत बर्फातून स्की करायला दरवर्षी लोक जातात. होक्काइदोला सैबेरियाकडून येणारा थंड, कोरडा वारा जपानी समुद्रावरून जाताना बाष्प उचलतो आणि डोंगरांना धडकून ते बर्फाच्या रूपानं टाकतो. तिथल्या निसेकोसारख्या ठिकाणी एका हिवाळ्यात सुमारे पंधरा मीटर बर्फ पडतो. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवत डोंगराच्या अंगावर जवळपास चार हजार मीटर उंचीपर्यंत नेतो, आणि तिथून पुढं आखून दिलेली वाट नसते. म्हणून मार्गदर्शक लागतो.

त्या मार्गदर्शकाची अडचण अशी की बर्फ थराथरानं साचतो. थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक धरतात. पुढचं वादळ त्यांच्यावर दोन-तीन फूट बर्फ टाकून जातं. वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. आतला तो कच्चा थर मात्र आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, आणि एखाद्या माणसाचा भार नेमका त्यावर पडला की वरची अख्खी लादी सुटते. ३० ते ४५ अंशांचा उतार यासाठी सर्वांत धोक्याचा, आणि स्की करणाऱ्यांना सर्वांत हवाहवासा वाटणारा उतारही जवळपास तोच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले.

त्यामुळं चांगला हिममार्गदर्शक पाहुणे विमानात बसायच्या कितीतरी आधी कामाला लागतो. हंगामातला पहिला बर्फ कधी पडला, त्यानंतर किती दिवस कोरडे गेले, याची तो नोंद ठेवतो, कारण तळाचा कच्चा थर तेव्हाच तयार होतो. खड्डा खणून थर तपासतो. गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर असतं. त्याच्या संदेशावरून जागा हेरणं, लांब सळईनं नेमकं ठिकाण टोचून बघणं आणि फावड्यानं उपसणं, याचा सराव दरवर्षी नव्यानं करावा लागतो. बर्फाखाली गाडलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेव्हा यंत्र कसं चालवायचं हे आठवत बसायला वेळ नसतो. पाहुण्याचं वय, दम, आधीचा अनुभव तो आधीच विचारून घेतो. आणि प्रत्येक दिवसासाठी दोन-तीन पर्याय तयार ठेवतो. सकाळी पहिला पर्याय नाकारावा लागला तर हातात दुसरा असलाच पाहिजे, नाहीतर पैसे भरून आलेल्या माणसासमोर नकार टिकत नाही.

मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मार्गदर्शकाचं खरं कसब वाट दाखवण्यापेक्षा वाट नाकारण्यात आहे, आणि नकार ऐनवेळी सुचत नाही, तो आधी तयार करून ठेवावा लागतो. बर्फात हे सर्वांना पटतं, कारण तिथं चूक झाली तर पाहुण्याचा जीव जातो. आमच्या माळावर बहुतेक वेळा चुकीची किंमत प्राणी मोजतो. त्याची तक्रार कुठं नोंदवली जात नाही, म्हणून चूक झाली हे कळतसुद्धा नाही.

लांडग्याचंच घ्या. आपल्या दख्खनच्या माळावर लांडग्याची मादी साधारण थंडीच्या सुरुवातीला विते. ओढ्याकाठची घळ, बांधाची कपार, मुरमातलं जुनं बीळ असं काहीतरी ती निवडते. म्हणजे पिल्लं डोळे उघडून बाहेर यायचे दिवस आणि पर्यटकांच्या गर्दीचे दिवस एकच. बिळाजवळ माणसांचा वावर वाढला की मादी पिल्लांना तोंडात धरून एकेक करून दुसरीकडं हलवते. या हलवाहलवीत ती उघड्यावर येतात, आणि कुत्री, तरस, रस्त्यावरची गाडी यांतलं काहीही त्यांच्या वाट्याला येऊ शकतं. मार्गदर्शकाला बिळाची जागा माहीत असलीच पाहिजे, पण ती पाहुण्याला दाखवण्यासाठी नव्हे. गाडी त्या बाजूला वळणारच नाही अशा रीतीनं फेरीचा रस्ता त्याला ऑक्टोबरात आखून ठेवता यावा, यासाठी.

ही माहिती मिळते मेंढपाळांकडून. धनगरांचे वाडे दिवाळीच्या सुमारास कोकणाकडं निघतात. त्याआधी पावसाळाभर त्यांची मेंढरं याच माळांवर असतात, आणि लांडगा कुठल्या ओढ्यानं येतो, जोडी कुठं बसते, यंदा किती कोकरं गेली हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. लांडग्यानं मेंढरू उचललं तरी तोही आपल्या वाट्याचंच खातो, असं मानणारी म्हातारी माणसं या समाजात अजून भेटतात. वाडे हलायच्या आत जो मार्गदर्शक त्यांच्याजवळ जाऊन बसत नाही, त्याची अर्धी तयारी तिथंच हुकते. नकाशात आणि मोबाइलमध्ये हे ज्ञान नाही.

पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशिया आणि त्याही पलीकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, दिवसभर गवतावरून खालून खालून उडत नाकतोडे आणि टोळ टिपतात, आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, घोळक्यानं मुक्काम करतात. संध्याकाळी त्या गवतावर गाडीचे दिवे पडले किंवा कुणी फोटोसाठी चालत आत शिरलं की सगळा घोळका अंधारात उठतो. मुक्कामाचं गवत दरवर्षी तेच असेल असं नाही. चराई झाली असेल, वणवा लागला असेल, चर खणून झाडं लावली असतील. माळरानाला पडीक जमीन समजून तिथं झाडं लावण्याचा उत्साह आपल्याकडं फार आहे, आणि गवतात जगणाऱ्या धाविक, चंडोल, पखुर्डीसारख्या पक्ष्यांना त्यानं घर उरत नाही. म्हणून हंगामाआधी मार्गदर्शकानं माळ पायी तुडवून बघायला हवा.

कुत्र्यांचा प्रश्न याच पायपिटीत कळतो. पोल्ट्रीची घाण, मेलेली जनावरं, ढाब्यांचं उरलंसुरलं यांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि माळावर शिरतात. ती लांडग्याच्या तोंडचं खातात, त्याला रोग देतात आणि त्याच्याशी जोडीही जमवतात. पुणे जिल्ह्यातल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीतून लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवून दिलं. पाहुण्यांनी नाश्त्याचं उरलेलं गाडीबाहेर टाकलं तर त्या साखळीत आपणही एक कडी जोडतो. हे पाहुण्याला रागवून नव्हे, निघण्याआधीच समजावून सांगायचं असतं, आणि तसं सांगता येणं हाही सरावाचाच भाग आहे.

उजनीवर हंगाम पाणी ठरवतं. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. धरण काठोकाठ भरलेलं असताना पाणी थेट उसाच्या बांधाला लागतं आणि रोहित पक्ष्यांना उभं राहायला जागाच नसते. रोहित आपली चोच उलटी करून उथळ पाण्यातल्या चिखलातून बारीक जीव गाळून खातो. कालव्याला आवर्तनं सुटली, पातळी उतरली, चिखलाचे पट्टे उघडे पडले की मग तो येतो. परतीचा पाऊस जोरात झाला तर त्याचं येणं लांबतं. त्यामुळं कुंभारगावचा जाणता नावाडी धरणाच्या टक्केवारीवर शेतकऱ्याइतकीच नजर ठेवतो. पाणी उतरताना कुठं जुना बांध, कुठं बुडालेल्या झाडाचा बुंधा, कुठं गाळ वर येतो हे त्याला हंगामाआधीच धुंडाळून ठेवावं लागतं. थव्याच्या किती जवळ जायचं याचा अंदाजही त्यात येतो. खाणं सोडून माना वर झाल्या आणि थवा एका दिशेनं चालू लागला की नाव तिथंच थांबली पाहिजे. आणखी दहा हात पुढं गेलं की थवा उडतो, पाहुणे खूश होतात, आणि पक्षी भर खाण्याच्या वेळी आपली ताकद उगाच खर्च करतो.

पाण्यावर मात्र माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळ्यातलं कुगाव आणि इंदापुरातलं कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ती पर्यटकांची फेरी नव्हती, रोज ये-जा करणाऱ्यांची बोट होती. पण पाणी तेच आहे आणि वाराही तोच. नावेत माणसं किती बसणार, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, त्याचे पट्टे कुजलेत का, लहान मुलांच्या मापाचं आहे का, वारा कितपत वाढला की फेरी बंद, हे सगळं पहिला पाहुणा येण्याआधी ठरलेलं आणि लिहिलेलं असायला हवं. काठावर पाहुणा हुज्जत घालत असताना हा निर्णय एकट्या नावाड्यावर सोडणं अन्यायाचं आहे.

इथं पैशाचं बोलायलाच हवं. पर्वतमार्गदर्शकांचा आंतरराष्ट्रीय संघ १९६५ मध्ये स्थापन झाला. त्याच्या मान्यतेसाठी काही वर्षांचं प्रशिक्षण आणि कठीण परीक्षा लागते, आणि मार्गदर्शकानं आज नाही म्हटलं की नाहीच, हे तिथं पाहुण्याला मान्य असतं. आमच्या मुलांना फेरीमागं पैसे मिळतात. ऑक्टोबरातली पायपीट, मेंढपाळाकडचं बसणं, प्रथमोपचाराचा सराव हे सगळं बिनपगारी. शिवाय चांगला फोटो मिळाला तर पाहुणा वर खुशीनं देतो, म्हणजे जवळ नेणाऱ्याला बक्षीस आणि लांब थांबवणाऱ्याला काहीच नाही. ही रचना मुळातच उलटी आहे. सफारीच्या शुल्कातला एक वाटा बाजूला काढून हंगामाआधीच्या पंधरा दिवसांची मजुरी दिली, आणि खुशीचे पैसे सगळ्या मार्गदर्शकांच्या एकत्र डब्यात टाकले, तरी बराच फरक पडेल असं मला वाटतं. नकार देणाऱ्या मुलाच्या पाठीशी वनविभागानं आणि ग्रामपंचायतीनं उघडपणे उभं राहणं, हे तर फुकट होण्यासारखं आहे.

तयारीच्या यादीत सापाचा विषय शेवटी येतो, पण तो टाळता येत नाही. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप या भागात आहेत. दंश झाल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, दंश झालेला भाग न हलवता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. ऐकून माहीत असणं वेगळं आणि फेरीच्या प्रत्येक टप्प्यावरून प्रतिसर्प लस असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कुठला, तिथं जायचा रस्ता कुठला, रेंज कुठल्या उंचवट्यावर मिळते, हे एकदा प्रत्यक्ष गाडी नेऊन बघणं वेगळं.

यंदा येणार असाल तर मुक्काम एक दिवस जास्त धरून बुकिंग करा, म्हणजे वारा सुटला किंवा लांडगा दिसला नाही तर मार्गदर्शकावर तुमच्या परतीच्या गाडीचा दबाव राहणार नाही. कपडे मातकट रंगाचे, पायांत बंद बूट, दुर्बीण असेल तर सोबत. लांडग्याचं ठिकाण मोबाइलवरून कुणाला पाठवू नका, फोटोबरोबर गावाचं नाव घालू नका. आणि गाडीत बसण्याआधी मार्गदर्शकाला विचारा की आज कुठं जायचं नाही आणि का. तो सांगेल ते ऐकायला दहा मिनिटं लागतील. सूर्य वर यायच्या आत निघायचं असल्यानं तेवढं आधी या.