एम.टेक.चा प्रवेश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘गेट नाही, तर एम.टेक. नाही’ हा अभियांत्रिकी पदवीधरांमधला जुना गैरसमज. महाराष्ट्रात सीईटी कक्षाच्या कॅप प्रक्रियेत गेटधारकांना प्राधान्य असते. उरलेल्या जागांवर पदवीच्या गुणांवरही प्रवेश मिळतो. फरक पडतो तो पैशात. एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती पूर्णवेळ शिकणाऱ्या गेट-पात्र विद्यार्थ्यांसाठीच आहे, तीही जास्तीत जास्त २४ महिने.

गेट दिली की सगळीकडचा प्रवेश एकाच अर्जात होतो, असेही नाही. आयआयटीसाठी प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. सीओएपी हे पोर्टल केवळ मिळालेली जागा घेण्या-सोडण्यापुरते. नागपूरच्या व्हीएनआयटीची वाट सीसीएमटी या केंद्रीय समुपदेशनातून जाते, तर मुंबईच्या व्हीजेटीआयची किंवा सांगलीच्या वालचंदची सीईटी कक्षातून. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो, त्यामुळे यंदा नको ती शाखा पदरात पाडून घेण्याची घाई बहुधा अनाठायीच.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे कॉलेजचे नाव मोठे, म्हणून एम.टेक.ही चांगले. नॅकची मान्यता संपूर्ण संस्थेला मिळते, एनबीएचे मानांकन एकेका अभ्यासक्रमाला. एखाद्या विभागाच्या बी.टेक.ला ते असले, म्हणून त्याच विभागाच्या एम.टेक.लाही असेल असे नाही. शिवाय दुसरे वर्ष बहुतांशी प्रबंधाचे. तेव्हा कॅम्पसपेक्षा गाइड कोण, त्याचे संशोधन कशात, प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवलेली, आणि मागच्या तुकडीने प्रबंध कुठल्या विषयांवर केले, हे पाहणे अधिक मोलाचे. माहितीपुस्तिकेत हे क्वचितच सापडते. विभागात जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाच विचारावे लागते.

नोकरीबाबत तर आकडेच फसवतात. जाहिरातीतले सर्वोच्च पॅकेज बहुधा बी.टेक.च्या एखाद्या विद्यार्थ्याचे असते; विचारायचा तो त्या शाखेच्या एम.टेक. तुकडीचा मध्यक पगार, आणि किती जणांना नोकरी लागली तो आकडा. पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्या गेटच्या स्कोअरवर अभियंते घेतात तेव्हा बी.टेक. पुरते. व्हीएलएसआय किंवा स्ट्रक्चरल डिझाइन यांसारख्या क्षेत्रांत मात्र एम.टेक.ला खरी किंमत आहे. अध्यापनातही सहायक प्राध्यापकपदासाठी ती पदवी लागते, पण सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवीच.