एक डिटेक्टर, तीन कॉइल

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना गड्ड्याच्या जत्रेतली ती 'टूं टूं' करणारी चौकट आठवते. नाहीतर खजिना शोधणारा सिनेमातला हिरो. पण या यंत्रात खरी करामत करते ती त्याची कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. सर्किट तेच ठेवून नुसती कॉइल बदलली तर काय होतं, हा उद्योग मी या उन्हाळ्यात केला. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी थोडी थिअरी. (घाबरू नका, व्हायवा नाही!) माझा डिटेक्टर पल्स इंडक्शन प्रकारचा आहे. कॉइलमध्ये अगदी थोडा वेळ करंट सोडायचा आणि झटकन बंद करायचा. बंद होताना व्होल्टेजची उसळी येते आणि काही मायक्रोसेकंदांत विरून जाते. जवळ धातू असेल तर त्यात एडी करंट्स फिरू लागतात आणि ते विरणं जरा लांबतं. हा 'जरा उशीर' सर्किट पकडतं आणि बझर वाजवतं. थोडक्यात, आपण आरोळी ठोकतो आणि धातू प्रतिध्वनी देतो.

कॉइल बदलताना पहिलं पथ्य इंडक्टन्सचं. सर्किट ज्या किमतीला जुळवलेलं असतं तिच्या आसपासच नवी कॉइल हवी. माझं सर्किट सुमारे ३०० मायक्रोहेन्रीचं. वेटोळ्यांची संख्या दुप्पट केली तर इंडक्टन्स जवळजवळ चौपट होतो, आणि व्यास वाढवला तरी तो वाढतो. म्हणून कॉइल जितकी मोठी तितकी वेटोळी कमी. माझ्या तीन कॉइल अशा: १० सेंटिमीटर व्यासाला ४० वेटोळी, २० सेंटिमीटरला २६, आणि पीव्हीसी पाइपच्या १ मीटर बाय १ मीटर चौकटीवर फक्त ९. तार २४ गेजची, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणलेली. प्रत्येक कॉइलला डॅम्पिंगचा रेझिस्टर थोडा फिरवून पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर उसळी विरताना हेलकावे खाते आणि खोटे सिग्नल येतात.

मग हॉस्टेलच्या गच्चीवर चाचणी झाली. पाच रुपयांचं पितळी नाणं छोट्या कॉइलला ११ सेंटिमीटरवरून दिसलं, मधल्या कॉइलला १७ वरून. मोठ्या चौकटीने मात्र मधोमध ठेवलेलं नाणंसुद्धा ओळखलं नाही! रूममेट म्हणाला, "एवढी तार वाया घालवलीस." मग मेसमधलं लोखंडी घमेलं आणलं. छोटी कॉइल २५ सेंटिमीटरवर थांबली, मधली ४० वर, आणि चौकट ९० पर्यंत गेली. रूममेट गप्प.

असं का होतं? लहान कॉइलचं चुंबकीय क्षेत्र तिच्या तोंडाशी दाट असतं पण लवकर विरळ होतं. मोठीचं क्षेत्र विरळ, पण लांबवर पोहोचणारं. इंडक्टन्स आणि करंट सारखे ठेवले तर साधारण नियम असा निघतो: जेवढी खोली, तेवढी कॉइलची त्रिज्या. अर्धा मीटर खोलीवर माझ्या चौकटीचं क्षेत्र २० सेंटिमीटरच्या कॉइलच्या सुमारे तिप्पट येतं. सिग्नलला जायचं आणि परत यायचं असतं, म्हणून फायदा वर्गाने, म्हणजे जवळजवळ दहापट. उलट ५ सेंटिमीटरवर छोटी कॉइल चौकटीपेक्षा १७ पट वरचढ, म्हणजे सिग्नलमध्ये तीनशे पटींच्या घरात. नाणं का हरवलं ते आता कळलं असेल.

याचा उपयोग काय? एप्रिलमध्ये मामाचा फोन आला. मोहोळ तालुक्यात त्याची डाळिंबाची बाग आहे. पाइपलाइन फुटलेली, आणि पाणी तोडायचा बीडाचा व्हॉल्व्ह बांध सपाट करताना मातीखाली गेलेला. (कॉन्व्हेंटवाल्यांसाठी: बीड हा फक्त जिल्हा नाही, कास्ट आयर्नलाही बीड म्हणतात.) व्हॉल्व्ह सापडेपर्यंत दुरुस्ती नाही, आणि झाडं तहानलेली. जेसीबी लावला तर ड्रिपच्या नळ्या उखडणार. पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे डिटेक्टरला दिसण्यासारखा फक्त तो व्हॉल्व्ह.

मी आणि मामेभाऊ दोन बाजूंनी चौकट धरून फिरू लागलो. मामा म्हणाला, "आरं, ही बाज घिऊन कुठवर हिंडणार हाय?" छोट्या कॉइलने दर वेळी ताराचा तुकडा नाहीतर खिळाच सापडला असता. चौकटीला ते दिसत नाहीत, हाच तिचा गुण. दीड तासाने एका ठिकाणी बझर सलग वाजला. पण चौकट जागा सांगते ती मोघम, मीटरभराची. तिथे थोडं खणून खड्ड्यात २० सेंटिमीटरची कॉइल फिरवली, तेव्हा नेमकी जागा कळली. दोन फुटांवर व्हॉल्व्ह. संध्याकाळी बागेला पाणी सुटलं, आणि मामी माझ्या शिक्षणाबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलली.

दोन सूचना. एक, कॉइलच्या चौकटीत स्क्रूसुद्धा नको. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच यंत्र वापरलं होतं, पण गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला. दोन, आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटतील. त्यामुळे कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवा. ती वरखाली झाली की मातीच 'बोलू' लागते.

आणि हो, हे वाचून कोणी भुईकोट किल्ल्यात घुसू नका. ते संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय खणणं गुन्हा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. त्यापेक्षा गावाकडे जा. पुरलेले व्हॉल्व्ह आणि बुजलेली झाकणं भरपूर आहेत, आणि शोधून दिलीत तर जेवण नक्की. चौकट माझ्या रूमवर आहे. हवी असेल त्याने न्यावी, फक्त तार उलगडू नये!