गाठीतले फितूर पहारेकरी

कर्करोगाची गाठ म्हणजे नुसता कर्कपेशींचा गोळा नव्हे. तिच्यात शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशीही असतात, हे जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. त्यांतल्या बऱ्याच पेशी जन्मजात प्रतिकारशक्तीच्या असतात. शत्रूची आधीची ओळख नसली तरी या पेशी तत्काळ कामाला लागतात.

सर्वांत चोख काम नॅचरल किलर पेशींचे. शरीरातल्या केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी-१ ही प्रथिने असतात. कर्कपेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी अनेक कर्कपेशी ती काढून टाकतात आणि तिथेच फसतात. ओळखीची ही खूण दिसली नाही की नॅचरल किलर पेशीवरचा लगाम सुटतो. ती परफोरिनने समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत सोडते. मग ती पेशी आतूनच मोडते.

मॅक्रोफेजचे वागणे मात्र दुटप्पी. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणे हे त्यांचे काम, तसेच जखम भरून आणणे हेही. गाठ नेमका याच दुसऱ्या कामाचा फायदा उठवते. तिच्या रासायनिक संदेशांमुळे मॅक्रोफेज नव्या रक्तवाहिन्या वाढवतात, भोवतालची ऊती सैल करतात आणि टी पेशींना थोपवतात. शिवाय कर्कपेशी ‘मला गिळू नका’ असे सांगणारे सीडी-४७ हे प्रथिन अंगावर मिरवतात. रक्षकच असे फितूर होतात, म्हणून गाठीत मॅक्रोफेजची गर्दी असणे हे अनेक कर्करोगांत वाईट लक्षण मानले जाते.

डेंड्रायटिक पेशी गाठीचे तुकडे टी पेशींना दाखवून त्यांना लढाईला जुंपतात. त्यांचा शोध लावणारे राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल जाहीर झाले, पण तीनच दिवस आधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या या सगळ्या पेशींना जागे करणारा सर्वांत यशस्वी उपचार जुनाच आहे: क्षयाची बीसीजी लस. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये तिचा मूत्राशयाच्या कर्करोगावरील वापर प्रसिद्ध केला. गाठ खरवडून काढल्यावर नळीने ही लस मूत्राशयात सोडतात. साधारणपणे आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. लसीतले जिवंत जंतू दिसताच आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, मागोमाग मॅक्रोफेज, नॅचरल किलर आणि टी पेशी. आजही कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसेल, पण उलटण्याचा धोका मोठा असेल, तर हाच प्रमाण उपचार आहे. यासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते.