छोट्या संगणकाला ताप चढतो तेव्हा...

मे महिन्यातली दुपार. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये खिडक्यांचे पडदे ओढलेले, बाहेर लू सुटलेली. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा संगणक. मुलीचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा आहे, आणि नेमका तेव्हाच पंखा मिक्सरसारखा घोंघावू लागतो. क्षणात स्क्रीन काळी! ‘गेला वाटतं,’ असे म्हणत घरची मंडळी नव्या यंत्राच्या खर्चाचा हिशेब मांडू लागतात.

एवढी घाई नको. संगणक बहुधा गेलेला नसतो. प्रोसेसरच्या चिपमध्येच तापमान मोजण्याची सोय असते. ठरलेली मर्यादा जवळ आली, की तो आपला वेग उतरवतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र बंद पडते. बहुतेक चिप्समध्ये ही मर्यादा ९० ते १०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते.

पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो, हे आपण विसरतो. जानेवारीत खोली १८ अंशांवर असताना ६८ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात, खोली ३८ झाल्यावर, त्याच कामाला ८८च्या आसपास जाणारच. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला पारा ४६.८ वर गेला होता. अशा दिवशी मनगटाएवढ्या पंख्याने करावे तरी काय? म्हणून तापमान मोजण्याचा एखादा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि प्रोसेसरच्या आकड्याशेजारी खोलीचा आकडाही वहीत लिहा. दोहोंतले अंतर पूर्वीइतकेच असेल, तर दोष ऋतूचा. ते वाढले असेल, तर यंत्रात पाहायला हवे.

मग ताप कसा चढतो ते पाहा. जड काम सुरू करताच चारपाच सेकंदांत आकडा ९५ ला भिडला आणि काम थांबताच झरकन उतरला, तर प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या हीटसिंकमधली पेस्ट वाळली असण्याचा संभव मोठा. ताप दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर हवेची वाट अडली आहे. काही नव्या चिप्स मात्र मुळातच गरम चालतात. २०२२ साली आलेल्या रायझेन ७००० मालिकेतल्या चिप्स जड कामात ९५ अंशांपर्यंत जाव्यात, अशीच त्यांची रचना आहे. तेथे आकड्यापेक्षा वेग घटला का, हे पाहावे.

हवेची वाट अडते ती बहुधा आपल्याच हौसेने. टीव्हीच्या मागे, बंद कपाटात, इन्व्हर्टरच्या डोक्यावर, वर क्रोशाचा रुमाल! चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. कूलरमुळे खोली निवते ते चांगलेच, पण त्याचा ओला झोत थेट यंत्रावर नको.

दिल्लीची आंधी दारे लावली तरी घरात शिरते. हीटसिंकच्या बारीक पात्यांत वर्षभरात धुळीची गादीच तयार होते. वायर काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने ती सोडवा. हवेचा फवारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरले तर बेअरिंग बिघडते. ओले फडके आत अजिबात नको.

पेस्ट बदलणे हे जरा जपून करण्याचे काम. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि मटाराच्या दाण्याएवढीच नवी पेस्ट मधोमध ठेवावी. पोळीला तूप लावावे तशी सढळ हाताने लावली, तर ती बाजूला ओघळते, फायदा काहीच नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. यंत्र वॉरंटीत असेल, तर उघडण्यापूर्वी कागद वाचून घ्या.

प्रकल्प उद्याच द्यायचा आहे आणि हे सारे करायला सवड नाही? विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. पुष्कळ यंत्रांत त्याने जादा वेगाची उडी बंद होते आणि ताप बराच उतरतो. ब्राउझरची नको ती पाने मिटा, टेबलफॅनचा झोत यंत्राकडे वळवा, आणि सर्वांत आधी मुलीची फाईल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

एवढ्याने भागले नाही, तर नेहरू प्लेसच्या बाजारात यंत्र नेताना वहीतले आकडेही सोबत न्या. ‘गरम होतं हो,’ एवढेच सांगितले, तर कारागीर सुरुवात नव्या पंख्यापासून करेल, आणि बिघाड कदाचित पेस्टमध्ये असेल.