गल्ल्यावरचे गणित आणि शाळेतले गणित

गेल्या मे महिन्यात माझा नातू सुटीसाठी नागपूरहून आमच्याकडे तळेगाव (श्यामजी पंत) येथे आला होता. त्याची तिसरी नुकतीच संपली होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. नागपूर–अमरावती महामार्गावरील आमच्या या गावात थोरल्या बंधूंचे किराणा दुकान वडिलांच्या काळापासून आहे. निवृत्तीनंतर मीही दुपारी तेथे जाऊन बसतो. एके दिवशी नातवाला सोबत नेले आणि गल्ल्याशेजारी बसवले. बँकेत ३६ वर्षे काढलेल्या आजोबांना नातवाची हुशारी गिऱ्हाइकांना दाखवायची होती, हे आधीच कबूल करतो.

एका वयस्कर बाईंनी साबण, चहापत्ती आणि साखर घेतली. शंभराची नोट पुढे करून त्या म्हणाल्या, “एकोणसत्तर झाले ना जी? बाकीचे द्या.” मी नातवाकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “आजोबा, एकोणसत्तर म्हणजे किती?”

मी सर्वांदेखत बोलून गेलो, “तिसरी झाली आणि एकोणसत्तर कळत नाही? शाळेत शिकवतात तरी काय?” त्या बाईच मला म्हणाल्या, “लेकरू आहे जी, राहू द्या.” बंधूंनी त्याला ‘सिक्स्टी नाइन’ असे सांगताच त्याने बोटाने हवेत दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, “सत्तरला एक, शंभरला तीस. एकतीस.” उत्तर बरोबर होते. तरीही मी म्हणालो, “असे नाही. कागदावर मांड, हातचा घे आणि मग वजा कर.” मुलगा उठला आणि घरात निघून गेला. रात्री सौभाग्यवतींनी सांगितले, “तो म्हणतो, आजोबांसमोर मी गणित करणार नाही.”

बंधू मात्र हसत होते. ते म्हणाले, “अरे, गल्ल्यावर आपण सुट्टे कसे देतो? एकोणसत्तर झाले, तर ‘सत्तर’ म्हणत एक रुपया ठेवतो. मग ‘ऐंशी, नव्वद, शंभर’ म्हणत दहाच्या तीन नोटा. त्याने दुसरे काय केले?” त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या वडिलांनी आयुष्यभर ज्या रीतीने सुट्टे दिले, तीच रीत शाळेने त्या मुलाला शिकवली होती आणि मी तीच चूक ठरवली होती.

शाळा आज काय शिकवते?

त्या रात्री नातवाची सुटीच्या अभ्यासाची वही उघडून बसलो. तीत आडव्या रेषेवर आकडे मांडून एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत कमानी काढल्या होत्या. ही संख्यारेषा. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधील अंतर, हे मुलाला डोळ्यांनी दिसावे, यासाठी ती काढतात. हातचा घेऊन मांडणीची वजाबाकीही वहीत होती. पण ती नंतर. आधी अर्थ आणि मग रीत, असा हा क्रम आहे.

हा क्रम एखाद्या शाळेची लहर नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्याने ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ या गोष्टीला प्राथमिक शिक्षणात अग्रस्थान दिले. त्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित करता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी त्याची पायरी आहे. वाचनात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, वाचावेत अशी अपेक्षा आहे. आमच्या काळात ‘पाठ म्हणून दाखव’ असे म्हणत. आज शिक्षक ‘कसे केलेस ते सांग’ असे विचारतात. पालकांनी हा एक फरक ध्यानात घेतला, तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

एकोणसत्तर की साठ नऊ?

नातवाची अडचण आकड्याची नव्हती, शब्दाची होती. मराठी संख्यावाचन मुलांना खरोखर अवघड जाते. आपण ५३ लिहिताना आधी पाच लिहितो, पण ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन उच्चारतो. म्हणून त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात आढळतात. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये आधी दशक आणि मग एकक येतो. एकोणसत्तर या शब्दात तर सहा आणि नऊ हे दोन्ही अंक ऐकू येत नाहीत. ‘सत्तरला एक कमी’ हा हिशेब शब्दातच दडलेला आहे. त्यातही नियम शेवटपर्यंत टिकत नाही. ८९ ला एकोणनव्वद, पण ९९ ला एकोणशंभर नव्हे, नव्याण्णव!

हीच अडचण ध्यानात घेऊन बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन – त्रेसष्ट’ अशी दुहेरी वाचनपद्धत दिली आणि जून २०१९ मध्ये महाराष्ट्रभर वादळ उठले. विधिमंडळातही त्यावर चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना समजण्यासाठी पर्याय दिला आहे, असे स्पष्ट केले. मीही तेव्हा मित्रमंडळींत ‘मराठी बुडाली’ असे तावातावाने बोललो होतो. पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नव्हते.

आज मला दोन्ही बाजू पटतात. शिकताना ‘साठ नऊ’ ही पायरी उपयोगी आहे. पण पायरीवरच थांबता येणार नाही. ज्या मुलाला एकोणसत्तर कळत नाही, त्याला गिऱ्हाईक कळणार नाही, आजी कळणार नाही आणि उधारीची जुनी वही वाचून दाखवली तरी समजणार नाही. इंग्रजी माध्यमाची शाळा हे शब्द शिकवील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते काम घराचेच.

पावकी गेली, व्यवहार राहिला

बदलाची अशी भीती आपल्या घरांना नवी नाही. आमचे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत म्हणत. सोळा आण्यांच्या रुपयाला आणि शेर-मणाच्या मापांना ती विद्या हवीच होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढील काही वर्षांत किलो आणि लिटर आले. पावकी येत नसलेली पोरे दुकान काय चालवणार, असे त्या पिढीतील अनेकांना वाटले. दुकाने चालली. पावकी गेली, पण पाव, पाऊण, सवा, दीड, अडीच हे शब्द राहिले, कारण ते रोजच्या तोंडी होते. घरात जे रोज बोलले जाते, ते टिकते.

वर्ध्याचा वारसा

ज्याला आज नवे म्हणतो, त्याचे एक मूळ आमच्याच जिल्ह्यात आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. निमित्त होते तेथील मारवाडी शिक्षण संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचे. व्यापारी समाजाने चालविलेल्या संस्थेच्या अंगणात देशाच्या शिक्षणाचा विचार झाला, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हातांच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेला अभ्यास, हे त्या परिषदेचे मुख्य ठराव. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामात ‘नई तालीम’ प्रत्यक्षात आली. कापूस तोलताना, सूत मोजताना, त्याची नोंद ठेवताना मुले गणित शिकत. सेवाग्रामला चरखा होता, आपल्या घरी तराजू आणि गल्ला आहे, इतकाच फरक.

आपल्या परंपरेत तर हा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या आरंभी त्यांनी गणिताचा उपयोग सांगताना व्यापाराबरोबर संगीत, पाकशास्त्र, वैद्यक आणि वास्तुविद्या यांचाही उल्लेख केला आहे. स्वयंपाकघरातही गणित आहे, हे एका जैन आचार्याने अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आपण मात्र ते शिकवणीच्या वर्गात शोधतो.

अर्थ न कळता रीत आली, तर

बँकेतील एक प्रसंग सांगतो. एक तरुण व्यापारी भरणा करण्यासाठी आला. स्लिपवर त्याने २,४५,००० लिहिले होते. समोरच्या नोटा २४,५०० च्या होत्या. चूक दाखवली, तर तो कॅल्क्युलेटर पुढे करून म्हणाला, “साहेब, यात हेच आले आहे.” एक शून्य जास्त दाबले गेले होते. हातातली जुडी आणि लिहिलेला आकडा यांचा मेळ नाही, हे त्याला जाणवलेच नाही. त्या दिवशी रक्कम समोर होती म्हणून निभावले. कर्जाच्या कागदावर किंवा मोबाइलवरून पैसे पाठवताना असे झाले, तर निभावत नाही. अंदाजाची ही जाण लहानपणीच घडते.

शब्दांचेही तसेच. धनादेशावर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल, तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे बँकेतील आमच्या भाषेत ‘एन. आय. अॅक्ट’चे, कलम १८ सांगते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शब्द हा आकड्याहून वजनदार आहे.

घरी काय करावे?

शिकवणी लावण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली, मुलाला खरे काम द्यावे. संध्याकाळी गल्ल्यातील नाणी दहा-दहाच्या ढिगांत मोजायला लावावीत. दशक-एकक समजण्यासाठी याहून चांगले साधन नाही. दुकान नसेल, तर भाजीचा हिशेब द्यावा.

दुसरी, रोज एक चिठ्ठी लिहून घ्यावी. घरातील कोणत्याही खरेदीची रक्कम अंकी आणि अक्षरी, मराठीत. महिनाभरात तीस संख्या होतात आणि वर्षभरात शंभरपर्यंतचे सर्व शब्द आपोआप येतात.

तिसरी, मापांचे शब्द मुद्दाम बोलावेत. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, पाऊण म्हणजे ७५०, सवा किलो म्हणजे १२५०. पुढे अपूर्णांक शिकताना हे शब्द ओळखीचे भेटतात.

चौथी, मोजण्यापूर्वी अंदाज विचारावा. “या टोपलीत संत्री किती असतील?” मग मोजावे. अंदाज चुकला तरी हसू नये. दुसऱ्या वेळी तो जवळ येतो.

पाचवी, रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून घ्यावे आणि नंतर “काय झाले गोष्टीत?” असे विचारावे. नुसता वेग मोजू नये. पाठशाळेत मुखोद्गत केलेले स्तोत्रही अर्थ सांगितल्यावर मुले अधिक गोडीने म्हणतात, हा आपला अनुभव आहेच.

सहावी, पाढे पाठ करून घ्यावेतच. पण आधी सात त्रिक एकवीस का, हे शेंगदाण्यांच्या तीन ओळी मांडून दाखवावे. समज आणि पाठांतर यांत वैर नाही.

सातवी, पालकसभेत “गुण कमी का?” याऐवजी “हे तुम्ही कसे शिकवता?” असे शिक्षकांना विचारावे. घरची रीत आणि शाळेची रीत भांडली, तर मधल्या मध्ये मूल गोंधळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारचौघांत मुलाची परीक्षा घेऊ नये. हे मी शिकवतो आहे असे नव्हे. मी चुकून शिकलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला म्हणालो, “काल तुझे उत्तर आणि तुझी रीत दोन्ही बरोबर होते. चूक माझी झाली. ती रेषा मला काढून दाखव.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग वही आणली आणि मला समजावून सांगितले. नंतर मी त्याला एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, हे सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे शब्दातच उडी आहे!” इतक्या वर्षांत मला हे असे सुचले नव्हते.

आता दर रविवारी फोनवर आमचा नेम आहे. मी त्याला तीन मराठी संख्या विचारतो, तो मला एक कोडे घालतो. गेल्या आठवड्यात त्याने एकोणऐंशी बरोबर सांगितले. त्याचे कोडे मात्र मला सुटले नाही. ते त्याने मला शांतपणे समजावून दिले.