चालकाच्या शिरावरील कमान

शर्यतीच्या मोटारीच्या वेगाचे कौतुक सर्वत्र होते. परंतु तिच्या रचनेची खरी कसोटी लागते ती मोटार आदळते तेव्हा.

फॉर्म्युला वन शर्यतीतील मोटारींवर २०१८ सालापासून टायटॅनियमची एक कमान सक्तीची झाली. संतांच्या मस्तकामागे प्रभावळ चितारतात, तिच्यावरून तिला ‘हेलो’ म्हणतात. वजन दहा किलोंहूनही कमी, पण वरून सुमारे १२ टनांचा भार ती पेलते. आमच्या बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्याला शिरावरील आधाराचे मोल सांगावे लागत नाही. मोटारशर्यतीच्या शौकिनांना मात्र ती कुरूप वाटली. डोळ्यांसमोर येणारा तिचा खांबही अनेकांना खुपला. रोमँ ग्रोजाँ हा चालक तर तिचा उघड विरोधक होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे त्याचीच मोटार ताशी १९० किलोमीटरांहून अधिक वेगाने पोलादी कठड्यावर आदळली, दुभंगली आणि पेटली. कठडा फाडून आत घुसताना कमानीने त्याच्या पोलादी पट्ट्या मस्तकापासून दूर सारल्या. कार्बनतंतूंची कोठडी अभंग राहिली. अर्ध्या मिनिटाच्या आतच ग्रोजाँ ज्वाळांतून बाहेर आला. हात भाजले, प्राण वाचले. कमानीविषयीचे त्याचे मत अर्थातच पालटले.

पुढच्याच रविवारी, ६ डिसेंबरला, तेथेच मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. त्या श्रेणीत विजय मिळविणारा तो पहिला भारतीय. त्याच्या शिरावरही तशीच कमान होती.