हेडफोन घेताना खोक्यावरील आकड्याला भुलू नका

मुलांच्या गेमसाठी हेडफोन घ्यायला गेलात की दुकानदार ‘७.१ सराउंड’ लिहिलेला खोका पुढे करतो. कापड घेताना आपण लेबल नव्हे, पोत पाहतो. इथेही तोच हिशेब ठेवावा. अशा बहुतेक हेडफोनांत स्पीकर दोनच असतात. दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजाची वेळ व पोत किंचित बदलून, मागून पावले आल्याचा भास सॉफ्टवेअर निर्माण करते. संगणकात ‘विंडोज सॉनिक’ ही सोय २०१७ पासून मोफत आहे. साध्या स्टीरिओ हेडफोनवरही ती चालते. मग आकड्याचे जादा पैसे कशाला? तेच पैसे स्वच्छ आवाज, मऊ गादी व चांगला माइक यांवर खर्चावेत. ब्लूटूथवर आवाज जरा उशिरा येतो, म्हणून खेळासाठी वायरचा हेडफोन बरा. दहा मिनिटे कानावर ठेवून पाहा, मगच सौदा करा.